तळ्यात-मळ्यात करणारा नायक

आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ पहिल्यांदा वाचताना नायकाच्या एक ठेवून द्यावी असं मला निदान चारदा वाटलं. हसताय, म्हणजे वाचलेली दिसतेय तुम्ही!

कादंबरी २०२२ची, पण गोष्ट घडते १८३०च्या दशकात. ऑक्सफर्डमध्ये भाषांतरकारांचा एक काल्पनिक मनोरा आहे. चांदीच्या कांडीवर एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला त्याचा दुसऱ्या भाषेतला प्रतिशब्द. भाषांतरात जे निसटतं ते चांदी घडवून आणते, आणि त्यावर साम्राज्याची जहाजं नि यंत्रं चालतात. मेख अशी, की दोन्ही भाषा अगदी आतून येणाऱ्या माणसाशिवाय कांडी ढिम्म हलत नाही. म्हणून चीनमधलं कँटन, कलकत्ता, हैती इथून मुलं आणायची.

रॉबिन त्यांतलाच. पटकीत आई गेलेली, आणि एक इंग्रज प्राध्यापक खिशातल्या कांडीने फक्त त्याला वाचवतो. मग सांगतो, इंग्रजांना उच्चारता येईल असं नाव घे. मुलगा आडनाव उचलतो ते ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या लेखकाचं, स्विफ्ट! त्याच्या आधी आणलेला सावत्र भाऊ फार लहानपणी आला, त्याची चिनी पुसट झाली. म्हणून रॉबिनला मुद्दाम जास्त वर्षं कँटनमध्ये ठेवलं होतं. लोणचं मुरायला ठेवावं तसं.

आता हा मुलगा पुढे काय करतो? चांदी चोरणाऱ्या गुप्त गटाला मदत करतो, घाबरतो, अंग काढून घेतो, पुन्हा पुस्तकांत डोकं खुपसतो. माझा संताप इथलाच. पण १८३९मध्ये तो कँटनला जातो, तो प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचला आणि जरा वरमले. समोर लिन झेशू, म्हणजे ज्यांनी त्या वर्षी खरोखरच वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली ते चिनी अधिकारी. चहापायी चीनकडे जाणारी चांदी परत खेचायला इंग्रज तिथे बंगालची अफू खपवत होते. आणि मध्ये दुभाषी म्हणून उभा रॉबिन. व्यापाऱ्यांचा उद्धटपणा त्यानेच आपल्या मायबोलीत सांगायचा. जी भाषा जपली म्हणून त्याला पोसलं, ती नेमकी ह्यासाठी! ज्या ताटात जेवलो ते कुणाचं, हे कळल्यावर ताबडतोब उठणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

तक्रार उरतेच. खलनायक पोवाड्यातल्या गनिमासारखे एकरंगी आहेत, आणि तळटीपा वाचकाचा कान धरून शिकवतात. रॉबिनची वर्गमैत्रीण लेटी, तिच्याबद्दल बोलत नाही. न वाचलेल्यांवर अन्याय होईल.

दुसऱ्या वाचनात मी एक गोष्ट मुद्दाम शोधत होते. रॉबिनचं मूळ चिनी नाव. इतकं जाड पुस्तक, पण ते कुठेच येत नाही.