सोडा विकतोय कोण?

नमस्कार श्रोतेहो.

क्रिकेटचा सामना मोबाइलवर चालू असतो, षटक संपतं आणि सोड्याची जाहिरात लागते. गच्चीवरची पार्टी, जिवलग दोस्तांची टोळी, मागे जोरदार संगीत. सोडा मात्र कुणी पिताना दिसत नाही. शेवटी एक नाव झळकतं, आणि ते नाव कोणत्या बाटलीवर असतं हे आपल्या कॉलेज रोडवरच्या अकरावी-बारावीच्या पोरांनाही पाठ असतं.

दारूची जाहिरात करायला महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. टीव्हीवर ती 1994 च्या केबल नियमांनी बंद केली. म्हणून तेच नाव, तीच अक्षरं, तेच रंग सोड्याला, पाण्याच्या बाटलीला, गाण्याच्या कार्यक्रमाला लावले जातात. आपल्या राज्यात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची, इतर दारूसाठी 25 ची. जाहिरातीला अशी कुठली अट आडवी येते? ती पंधराव्या वर्षीच मुलापर्यंत पोहोचते. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो आणि परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. कोवळ्या वयात पिणं सुरू झालं की पुढे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. याच वयाच्या मुलांसमोर मैत्री आणि मर्दुमकी दारूच्या नावाला बांधून मांडली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

नाशकात हे बोलताना द्राक्षबागा आठवणारच. बागायतदाराच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. निफाड-दिंडोरीची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठीच पिकतात, परदेशातही जातात. पण ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य मुलांच्या तोंडी रुळलंय, ते खोडायलाच हवं. वाइनमध्ये साधारण 12 टक्के अल्कोहोल असतं, नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून जास्त. आणि अल्कोहोलने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच जाहीर केलंय.

जून 2022 पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तेव्हा अशी जाहिरात दिसली की स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ टिपून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरातल्या मुलांनाच हे काम सांगा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

आणि प्राचार्यांना, मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गॅदरिंगच्या किंवा गणेशोत्सवाच्या कमानीसाठी असा प्रायोजक आला तर नाही म्हणा. पैसे कमी पडतील, हे खरं. त्या वर्षी वर्गणी मागायला पोरं दारात आली, तर आपण बाकीच्यांनी हात थोडा सैल सोडावा.