बर्फातलं भांडार

मंडळी, सहकार म्हटलं की आपल्याकडे निम्मी सभा संचालक मंडळाची निवडणूक आठवून हसते. हसून घ्या. आज ऊस नाही, दूध नाही. आज कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातलं किंगाइट आणि तिथली सहकारी संस्था. २०२० पर्यंत नकाशावर याचं नाव केप डॉर्सेट होतं. बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी, वस्ती चौदाशेच्या आसपास, बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. नुनावुतच्या पंचवीस गावांपैकी एकही दुसऱ्याला रस्त्यानं जोडलेलं नाही.

आता सिगारेटच्या पाकिटाची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५७चा हिवाळा. ओसुइटोक इपीली हे कोरीवकाम करणारे गृहस्थ जेम्स ह्यूस्टन या चित्रकाराकडे बसले होते. समोर दोन पाकिटं, दोन्हींवर खलाशाचं तेच डोकं. ओसुइटोक म्हणाले, प्रत्येक पाकिटावर तेच तेच डोकं रंगवत बसायचं म्हणजे कुणाला तरी फार कंटाळा येत असणार. हसू नका, प्रश्न रास्त आहे. ज्यानं एकासारखी दुसरी वस्तू कधी कोरली नाही, त्याला छापखाना कसा सुचावा? ह्यूस्टननी ओसुइटोकनीच कोरलेला वॉलरसचा सुळा घेतला, बोटानं शाई फासली, वर पातळ टिश्यू कागद ठेवून चोळला आणि उचलला. चित्र कागदावर! आपल्यालाही जमेल की, असं ओसुइटोक म्हणाले. पुढच्या वर्षी ह्यूस्टन छपाई शिकायला जपानला गेले. १९५९मध्ये छापलेल्या चित्रांचा पहिला वार्षिक संग्रह बाहेर आला आणि गावाची सहकारी संस्थाही नोंदली गेली. नावात ‘एस्किमो’ होतं. आज तो शब्द तिथं कुणाला आवडत नाही.

ठसा कसा निघतो ते ऐका. दगड घासून सपाट करायचा, रेखाटन त्यावर उतरवायचं आणि जिथं शाई नको तो भाग खोदून काढायचा. उंच राहिलेल्या भागावर रोलरनं शाई फिरवायची, पातळ जपानी कागद अंथरायचा आणि गादी लावलेल्या छोट्या चकतीनं हलकेच दाबायचा. एकदा शाई लावली की एकच प्रत निघते. शाई जास्त झाली की बारीक रेघा भरून जातात, कमी झाली की पांढरे डाग. सहसा पन्नास प्रती, मग दगड रद्द.

आणि पैसा? कलावंतानं रेखाटन आणून दिलं की संस्था ते तिथंच विकत घेते, छापलं जावो न जावो. उधारी नाही, ‘विकलं तर देऊ’ नाही. न छापलेल्या रेखाटनांसकट ९०,०००च्या वर कागद टोरंटोजवळच्या मॅकमायकल संग्रहालयात ठेवायला दिलेत. धोका संस्थेनं घ्यायचा आणि घरखर्च कलावंताचा चालायचा, ही खरी युक्ती. आपण मात्र घुबडाचं कौतुक करतो. किंगाइटच्या चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं १९६०चं ‘मंतरलेलं घुबड’ हे ठशाचं चित्र १९७०मध्ये सहा सेंटच्या टपाल तिकिटावर आलं. त्याची एक प्रत २०१८च्या लिलावात २,१६,००० डॉलरला गेली. त्यातला छदामही केनोजुआकच्या घरच्यांना मिळावा अशी तरतूद तेव्हाच्या कॅनडाच्या कायद्यात नव्हती. माझी तक्रार तेवढीच नाही. घुबडाचं सगळे बोलतात, संस्थेच्या दुकानाचं कुणी बोलत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं म्हणे. मग दुकान पळत पळत.

तिकडच्या गावोगावच्या अशा सहकारी संस्था किराणा, इंधन, हॉटेल सगळं चालवतात. बहुतेक जड माल उन्हाळ्यात जहाजानं येतो, बर्फ फुटल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत. बहुतेक ठिकाणी धक्का नाही. जहाज दूर नांगर टाकतं, कंटेनर बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या बोटीवर उतरवतात, भरतीला बार्ज किनाऱ्याला लावतात आणि लोडर ओढून काढतो. भरती चुकली की पुढच्या भरतीपर्यंत वाट. मागणी मात्र कित्येक महिने आधी. मैदा, साखर, डायपर, बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग, वर्षभराचा अंदाज आत्ताच. कमी मागवलं तर मार्चमध्ये विमानानं, दर कैकपट. जास्त मागवलं तर मुदत संपते, आणि गोदाम गरम नसेल तर डबे गोठून फुटतात.

खरा अडसर इथंच आहे. वर्षभराच्या मालाचे पैसे एकदम द्यायचे आणि वसूल करायचे बारा महिन्यांत, पाव-पाव किलोनं. बहुतेक गावांत बँकेची शाखाच नाही. म्हणून संस्थांनी संघ बांधला. १९७२ला एक संघ, १९८१च्या विलीनीकरणातून आर्क्टिक को-ऑपरेटिव्ज लिमिटेड, कचेरी विनिपेगला. १९८६पासून त्यांचा स्वतःचा विकास निधी आहे. जहाजाआधी निधीतून उचल घ्यायची, माल विकेल तशी फेडायची. मालवाहू जहाजांच्या एका कंपनीतही बहुमताचा हिस्सा संघाचाच, म्हणजे भाडंसुद्धा पूर्ण बाहेर जात नाही.

वर्षाअखेर उरलेलं भागभांडवलावर नाही, खरेदीच्या प्रमाणात वाटतात. आपल्या ग्राहक भांडाराच्या रिबेटसारखं. त्यातलं काही रोख, काही सभासदाच्या नावावर संस्थेतच. ते किती ठेवायचं यावर सभेत भांडण होतं, तिथंही. ठीक, घंटा झाली. प्रश्न चहाला विचारा.