आधी छताचं बघा

मंडळी, आपल्याकडे विदर्भात मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्याच पायाशी मुरते. अशा वेळी इमारतीवर सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर नाही, छतावर पडतं. आणि आपल्या सरकारी इमारतींचं छत म्हणजे काय? पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब, नाहीतर टिन.

टिन लवकर तापतं, लवकर निवतं. स्लॅब मात्र दिवसभराचं ऊन साठवतो आणि रात्री खाली सोडतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वॉर्डात मे महिन्यात रात्री दहाला जाऊन बघा. बाहेर अंगणात थोडी झुळूक असते, आत बाळंतिणीच्या खाटेवर पंखा फिरत असतो आणि छताखाली कोंडलेली गरम हवाच तिच्या अंगावर ढकलत असतो. "पंखा नुसत्या झळा फेकून राह्यला जी," असं म्हणत सोबतची म्हातारी बाळाला घेऊन व्हरांड्यात येऊन बसते.

यावर उपाय कूलर, असं आपण धरून चाललो आहोत. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पण त्याला पाणी लागतं, आणि ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथे कूलरची टाकी कोण भरणार? शिवाय मृगाची एक सर पडली की हवेत ओल येते आणि खोलीत नुसती चिकचिक. मग एसीची मागणी होते. एसी येतो, बिल वाढतं, वर स्लॅब तसाच तापत राहतो.

आता छताचं काम काय असतं ते सांगतो. स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंच जाडीचा कडक फोम, त्यावर काँक्रीटचा पातळ थर आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. हा दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला दोन-अडीच मीटर जाड काँक्रीट लागेल. फोम उघडा ठेवून चालत नाही, उन्हाने खराब होतो, आणि आपल्याकडची वानरं काय करतील ते वेगळंच. तेवढे पैसे नसतील तर चुना मारा. पांढरं छत ऊन परत फेकतं, खोलीतला उकाडा दोन-तीन अंशांनी उतरू शकतो. फक्त धूळ बसते, दरवर्षी मारावा लागतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं.

मग अडतं कुठे? पैशात अडतं, पण पैसा नाही म्हणून नव्हे. वीजबिल एका लेखाशीर्षातून जातं, इमारतीची दुरुस्ती दुसऱ्यातून. छतावर खर्च करणाऱ्याच्या हातात वाचलेलं बिल कधी येत नाही. त्यात सौर पॅनेलचं लोकार्पण करता येतं, फोमच्या थराचं करता येत नाही. फलक लावायचा कुठे?

युरोपीय संघाच्या २०१२ च्या ऊर्जाबचतीच्या निर्देशानुसार प्रत्येक देशाने केंद्र सरकारच्या इमारतींपैकी दरवर्षी ३ टक्के क्षेत्रफळ सुधारायचं ठरलं. तिथला प्रश्न थंडीचा, म्हणून भिंती आणि खिडक्यांवर जोर. तिथल्या कामांची यादी जशीच्या तशी इथे आणू नका. पण सरकारने स्वतःच्या इमारतींपासून सुरुवात करायची, हे घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे ऊर्जाबचतीचा हिशेब युनिटांत होतो. केंद्राच्या ईईएसएल या ऊर्जाबचतीची कामं करणाऱ्या कंपनीची पद्धत अशी की कंपनी आधी पैसे घालते आणि वाचलेल्या बिलातून वसूल करते. इमारतींची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, तीही मोठ्या वीजभाराच्या इमारतींसाठी, आता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा रुग्णालय यांना हे ठीक आहे. तिथे एसी आहेत, युनिटं वाचतील, कर्ज फिटेल. पण आश्रमशाळेच्या वसतिगृहात चार पंखे आणि काही दिवे. जिथे वीज जळतच नाही तिथे वाचणार काय? कागदावर हे काम कधीच परवडत नाही. म्हणजे जी मुलं सगळ्यात जास्त भाजतात, तीच या हिशेबातून सुटतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की गावाकडच्या इमारतींचं छत ऊर्जेच्या खात्यात टाकूच नका. आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या खात्यात टाका. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणारा निधी आहे. तो आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करायला मुभा आहे, नव्हे, तेच प्राधान्याचे विषय आहेत. जिल्हा नियोजन समिती आहे. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतून ग्रामपंचायत निदान चुना तरी मारू शकते.

आणि एक बारीक युक्ती. स्लॅब गळला की बोंब होते, वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक लगेच निघतं. ऊन गळत नाही, म्हणून त्याचं निघत नाही. तेव्हा गळतीचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला जाण्याआधीच शाखा अभियंत्याला गाठा आणि फोमची बाब त्यातच घालायला लावा. मजूर, वाहतूक, वरचं काँक्रीट हे सगळं तसंही होणारच असतं, वाढतो तो बहुतेक फोमचाच खर्च. २ ऑक्टोबरपासून गावोगावी पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा लागतात. तिथे शाळेच्या छताचा विषय लेखी द्या, आणि ठरावाच्या वहीत तो उतरला की नाही ते सही करण्याआधी वाचून घ्या.