आजी-मामांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी शासनाचे अर्थसाहाय्य : पात्रता नेमकी कोणाची?

नमस्कार. वडील वारले, आई सोडून गेली आणि दोन नातवंडे आजीच्या पदरात आली, अशी घरे नाशिकमध्ये सिडकोच्या गल्ल्यांत आहेत आणि सुरगाण्याच्या पाड्यांवरही आहेत. अशा आजीने, मामाने किंवा काकूने मूल सांभाळले, तर शासन दरमहा काही रक्कम देते का, आणि देत असेल तर कोणाला, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. अनेक जण नोटरीकडे जाऊन 'आजपासून या मुलाचा सांभाळ मी करीन' असे प्रतिज्ञापत्र करतात आणि आपण कायदेशीर पालक झालो असे समजतात. तसे होत नाही. न्यायालयाकडून पालकत्व मिळवायचे असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली मूल जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. दत्तकविधान ही आणखी निराळी गोष्ट आहे. मासिक साहाय्याचा रस्ता मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली स्थापन झालेल्या बाल कल्याण समितीकडून जातो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते, आणि मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे की नाही, हे ती ठरवते. म्हणजे तपासली जाते ती प्रामुख्याने मुलाची परिस्थिती; आपण त्याचे सख्खे मामा आहोत, एवढ्याने पैसे सुरू होत नाहीत.

आता योजना पाहू. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, जिला लोक अजूनही नुसते 'बालसंगोपन' म्हणतात, तिच्यात पूर्वी दरमहा ४२५ रुपये मिळत. पुढे १,१०० झाले आणि २०२३ पासून प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये झाले. वय १८ पूर्ण होईपर्यंतची अनाथ मुले, एकच पालक असलेली मुले, ज्यांचे पालक तुरुंगात आहेत किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत अशी मुले तिच्यात येतात.

दुसरी योजना केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची असून तिच्यात दरमहा ४,००० रुपये मिळतात. इथे एक बारकावा आहे. याच मिशनमध्ये 'प्रतिपालकत्व' असाही प्रकार आहे, पण तो मुलाशी नाते नसलेल्या कुटुंबासाठी आहे. आजी, काका, मामा यांच्याकडे राहणारे अनाथ मूल प्रायोजकत्वात मोडते. चुकीच्या नावाचा अर्ज घेऊन आलेले नातेवाईक या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात, त्याचे मूळ बरेचदा या दोन शब्दांत असते.

प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. हिशेब करून पाहा. दिंडोरीत द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या मावशीसाठी ही मर्यादा महिन्याला ६,००० रुपये पडते, तर अंबडच्या कारखान्यात कायम कामगार असलेला मामा ८,००० रुपयांच्या पुढे सहज जातो. माझ्या मते ही मर्यादा आजच्या महागाईत फारच तोकडी आहे. पण नियम आहे तोवर त्या मामाने बालसंगोपनाचा विचार करावा. उत्पन्नाचा दाखला तिथेही लागतो, आणि एकाच मुलासाठी दोन्हींचा लाभ एकत्र मिळत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण गाडी अडते ती इथेच. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून आणावेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळेचे बोनाफाइड आणि बँकेचे पासबुक जोडावे. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक आणि शाळेच्या नोंदीत दुसरे असेल, तर ती दुरुस्ती अर्जाआधी करून घ्यावी. शिवाय सांभाळणाऱ्या नातेवाइकासोबत मुलाचा, घरासमोर उभे राहून काढलेला फोटो मागतात. स्टुडिओतला निळ्या पडद्यापुढचा फोटो त्या ठिकाणी चालत नाही. घराचे दार, ओटा, मागची भिंत दिसली पाहिजे, कारण मूल खरोखर त्याच घरात राहते का, हे त्यावरून पाहिले जाते. पुढे गृहभेट होते. तेव्हा मूल शेजारच्या गावी पाहुणे म्हणून गेलेले नसावे.

हा संच जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज 'करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देण्याचे कारण नाही. कोणाकडे जावे हेच समजत नसेल, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा.

साहाय्य सुरू झाल्यावरही मूल शाळेत नियमित जात आहे की नाही, याकडे लक्ष ठेवले जाते. मुलाला वसतिगृहात किंवा बालगृहात ठेवले, तर प्रायोजकत्वाची रक्कम बंद होते. म्हणून इगतपुरीहून नाशिकच्या वसतिगृहात मुलाला पाठवण्याचा विचार असेल, तर प्रवेश घेण्याआधीच बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारून यावे.