अखंड अंगरखा आणि अर्धी नेवरी

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोप तेविसावे जॉन यांचा शांतिसंदेश आणि आपला सीमाभाग’. माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात, मराठा लाइट इन्फंट्रीत हयात गेलेली. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली आणि विचारलं, “मास्तर, पोपनं बेळगावचा निकाल लावला काय हो?” म्हटलं, लावला असता तर २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा कशाला पडून राहिला असता? (हशा)

पण गंमत अशी की त्या पत्रात आपल्याबद्दल खरोखर चार परिच्छेद आहेत. नाव न घेता. ते मी शेवटी सांगणार आहे. आधी मला नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या नाताळातल्या करंज्यांचं, सांगायचंय, कारण त्याशिवाय पुढचं सगळं पुस्तकी वाटेल.

मी खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, इगर्जीत थोडी कोकणी थोडी मराठी, बाजारात कन्नड आणि पगाराच्या कागदावर इंग्रजी, असा आमचा कारभार. शिक्षकी संपली, मग फादरनी मला सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत ओढलं. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसात सुरू झाली. सुरू करणारा फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा कॉलेजकुमार होता. नियम एकच आणि सोपा: दोघांनी मिळून गरिबाच्या घरी जायचं. त्याला आपल्याकडे बोलवायचं नाही, आपण त्याच्या उंबऱ्यावर जायचं. सोपा म्हटलं खरं, पण चपला काढून दुसऱ्याच्या झोपडीत बसायला मला दोन वर्षं लागली. आधी मी दारातूनच तांदळाची पिशवी देऊन सटकत होतो.

तर एका नाताळात ठरलं की तुरुंगातल्या बंद्यांना फराळ न्यायचा. कुठला तुरुंग ते विचारू नका. नेवऱ्या आणि कुलकुल. नेवऱ्या दोनशे. आमच्यात सारण खोबरं, गूळ, तीळ, वेलची. परवानगीसाठी अर्ज लागतो. मी मास्तर माणूस, सुवाच्य अक्षरात मराठीत अर्ज लिहिला आणि एका कचेरीत घेऊन गेलो. कारकुनानं बघितला, चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला, “कन्नडदाग बरीरी.” कन्नडमध्ये लिहा.

आता तुम्ही सगळे सीमाभागातले. तुम्हाला सांगायला नको की हे दोन शब्द ऐकल्यावर आपल्या पोटात काय होतं. चाळीस वर्षांचा मास्तर माझ्यात उभा राहिला. मी त्याला राज्यघटना ऐकवली. कलम ३५०: कुठल्याही माणसाला आपलं गाऱ्हाणं संघराज्यातल्या किंवा राज्यातल्या कुठल्याही वापरातल्या भाषेत मांडता येतं. ३५० अ ऐकवलं, ३५० ब ऐकवलं, भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी ऐकवला. पंधरा टक्के लोक एका भाषेचे असले तर त्यांच्या भाषेत कागद, ह्या नियमावर येणार, एवढ्यात त्यानं शांतपणे विचारलं, “सर, तुमचं गाऱ्हाणं आहे का नेवऱ्या?” (मोठा हशा)

हसा, हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. मी बाकावर जाऊन बसलो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मग त्यानंच खुणेनं बोलावलं, माझ्या अर्जाचा पाठकोरा कागद उलटा केला आणि पेन्सिलनं स्वतः कन्नडमध्ये लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. मी ‘बंद्यांबद्दल करुणा’ लिहिलं होतं, त्यानं ‘करुणे’ केलं. मी ‘शांती’ लिहिलं होतं, ते शांतीच राहिलं. न्यायाचा न्याय, जीवाचा जीव. शिक्षेचा तर नुसता काना मात्रा हलला. अर्ज लिहून झाल्यावर म्हणाला, आणि हे मराठीत बरं का, “माझी आई गडहिंग्लजची. नेवऱ्या तिळाच्या असतील तर दोन ठेवून जावा.”

ठेवल्या. ती लाच नव्हे, अध्यक्षमहाराज, नाताळ होता.

ह्या भानगडीत माझ्या लक्षात आलं की आपण ज्यासाठी भांडतो ते शब्द दोन्ही भाषांत संस्कृतातून आलेले, तेच. भांडण शेवटच्या अक्षरावर चाललंय. याचा अर्थ भांडू नये असा नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत मीही गेलोय, गुडघे धड होते तोवर. पण हे लक्षात आलं, एवढंच.

मग फाटक. तिथला शिपाई म्हणाला, आत काही लपवलेलं नसावं, म्हणून प्रत्येक नेवरी कापायची. नियम म्हणजे नियम, त्याची काही चूक नाही. त्यानं सुरी घेतली आणि दोनशे नेवऱ्या एकेक करून मधोमध कापल्या. सारण टेबलावर सांडत होतं. बायकोनं रात्री दोनपर्यंत बसून ज्यांच्या कडा दुमडल्या होत्या, त्या कडा उलगडून पडल्या. आत गेलो. वाटप झालं. एका बंद्याच्या हातात दोन अर्धुकं आली. तो ती जुळवून बघत होता, एकाच नेवरीची आहेत का. जुळली नाहीत. त्यानं पुन्हा फिरवून बघितली. मग खाल्ली.

ह्या अर्धुकांवर मी तुमचा बराच वेळ घेतला, पण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे.

माणसाच्या जीवाचं आपण असंच करतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला क्रुसावर चढवल्यावरचा प्रसंग आहे. शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले, पण अंगरखा बिनशिवणीचा होता, वरपासून खालपर्यंत एकसलग विणलेला. तो फाडायला त्यांचाही हात धजला नाही, त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी वडगावच्या एका विणकराला विचारलं, अंगरखा असा मागावरच विणून निघेल काय हो? मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला, निघेल की! दुपदरी ताणा लावायचा आणि धोटा वरच्या पदरातून नेऊन खालच्या पदरातून परत आणायचा. बाणा गोल गोल फिरतो, पिशवीसारखं कापड निघतं. मग म्हणाला, “पण मास्तर, असल्या कापडात कापायला धरायची कुठं? कड नाही.”

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी हीच उपमा उचलली. १९८३ साली अमेरिकेच्या बिशपांनी अण्वस्त्रांविरुद्ध एक मोठं पत्र काढलं, ते लिहिणाऱ्या समितीचे ते प्रमुख. त्याच वर्षी डिसेंबरात फोर्डम विद्यापीठात त्यांनी भाषण केलं. सांगणं असं की गर्भपात, युद्ध, फाशी, गरिबी, म्हाताऱ्यांची हेळसांड ही वेगवेगळी प्रकरणं नाहीत. जीवाचा मान ठेवायचा तर सगळीकडे ठेवायचा. झालं! दोन्हीकडचे लोक चिडले. ज्यांना फक्त गर्भाचं बोलायचं होतं ते म्हणाले, हा आमचा प्रश्न पातळ करतो. ज्यांना फक्त बॉम्बचं बोलायचं होतं ते म्हणाले, हा आमच्या अंगात पाद्र्याचा झगा घालतो.

आणि हेच १९८३ साल बघा. आपल्या हिंडलग्याच्या कारागृहात शेवटची फाशी झाली ती त्याच वर्षी. त्याच हिंडलग्यात कन्नडसक्तीच्या विरोधातल्या १९८६ च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. दर १ जूनला आपण तिथं जातो, फुलं वाहतो. सरकारच्या गोळीनं मेलेल्यांपुढं मान झुकवतो आणि सरकारच्या दोराचा विषय निघाला की म्हणतो, “अशांना भर चौकात लटकवा.” मी स्वतः म्हटलेलं आहे. शिक्षकांच्या खोलीत, चहा पिता पिता.

आमच्या चर्चनं तरी कुठं शहाणपणा आधीच दाखवला? रोमवर पोपचं राज्य होतं तोवर, १८७० पर्यंत, त्यांचा स्वतःचा जल्लाद होता. व्हॅटिकनच्या कायद्यातून मृत्युदंड निघाला १९६९ ला. धर्मशिक्षणाच्या मुख्य ग्रंथात फाशी कधीच स्वीकारार्ह नाही असं स्वच्छ लिहिलं गेलं ते २०१८ ला, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. कारण दिलं की गुन्हा कितीही भयंकर असला तरी माणसाची प्रतिष्ठा जात नाही. दोन हजार वर्षं लागली. म्हणून मी तुम्हाला घाई करत नाही. (हशा)

आता उसाचं. हे लांबवत नाही, पण टाळूनही चालणार नाही. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर टोळ्या येतात, बीडकडून, विजापूरकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. फडाच्या कडेला कोप्या. आम्ही दोघं दोघं जातो तेव्हा तिथंही जातो. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढताना मी बघितलीय. सुट्टी घेतली तर खाडा, खाड्याचे पैसे कापतात. बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचा खाडा पडू नये म्हणून, आणि डॉक्टरनं भीती घातली म्हणून.

मी गर्भपाताच्या विरोधात आहे, हे लपवत नाही. मुलगी आहे म्हणून पाडतात त्याच्या तर आहेच, तो कायद्यानंही गुन्हा. पण कोप्यांवर आमच्याबरोबर आलेल्या एक सिस्टर मला म्हणाल्या, “मास्तर, गर्भाचं व्याख्यान देणार असाल तर आधी खाड्याचं द्या.” तेव्हापासून मी त्याच क्रमानं देतो. आणि खाड्याचं सांगेपर्यंत वेळ संपतो.

ती चिठ्ठी आलीच! दहा मिनिटं? सात? बरं. म्हणजे छापलेल्या विषयाला सात मिनिटं.

भराभर सांगतो. ऑक्टोबर १९६२. क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं, अमेरिकेची नाकेबंदी, जग अणुयुद्धाच्या तोंडाशी. पोप तेविसावे जॉन यांनी रेडिओवरून दोन्ही बाजूंना बोलणी करा म्हणून विनवलं. त्यांना पोटाचा कॅन्सर झालेला. ११ एप्रिल १९६३ ला त्यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’, म्हणजे ‘पृथ्वीवर शांती’, हे परिपत्रक काढलं. आपल्याकडं परिपत्रक म्हटलं की किरकोळ रजेचे नियम डोळ्यांपुढं येतात, तसलं नव्हे. आणि ते नुसतं कॅथलिकांना उद्देशून नाही, सद्भावनेच्या सगळ्या माणसांना आहे, तेव्हा तुम्हालाही लागू. ३ जूनला ते गेले.

त्यात शांतीचे चार खांब सांगितलेत: सत्य, न्याय, प्रेम, स्वातंत्र्य. भीतीनं राहिलेली शांती ही शांती नव्हे, असा सगळा रोख. त्याच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, बोलावलंत तर येईन.

आता आपले चार परिच्छेद, ९४ ते ९७. विषय अल्पसंख्याक. हा माणूस बल्गेरियात आणि तुर्कस्तानात मिळून वीसेक वर्षं वकिलातीचं काम करत होता, सरहद्दीवरच्या लोकांची दुखणी त्याला ठाऊक. पहिलं म्हणणं असं: एखाद्या लोकसमूहाची वाढ दडपणं हा अन्याय आहे. सरकारांनी त्यांची स्थिती सुधारण्यासाठी झटलं पाहिजे, विशेषतः त्यांची भाषा, संस्कृती, रीतिरिवाज, त्यांचे उद्योगधंदे. इथं आपण टाळ्या वाजवू शकतो. (टाळ्या) वाजवा. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापासून आपण ज्याची वाट बघतोय, ते इथं त्याच्याही आधी लिहिलंय.

पण पुढचा परिच्छेद आहे, आणि तो वाचताना टाळ्या थांबतात. त्यात म्हटलंय की असे समूह, सोसलेल्या त्रासामुळे म्हणा की इतिहासामुळे, स्वतःच्या वेगळेपणाला वाजवीपेक्षा जास्त मोठं करून बसतात, इतकं की सगळ्या माणसांचं जे सामाईक आहे त्याच्याही वर ते ठेवतात. त्यांनी हेही ओळखावं की दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या रीतीच्या माणसांबरोबर रोज राहणं हा त्यांचा फायदा आहे, त्यातून त्यांची स्वतःची भर पडते. पण हे घडायचं तर त्यांनी दोन समाजांमधला पूल व्हायला हवं.

इथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नोंद घ्यावी. (हशा)

मला ह्याच्यावर चिडायला तीन वर्षं लागली आणि पटायला आणखी दोन. पूल म्हटलं की वरनं सगळे तुडवत जातात, ही माझी तक्रार अजून आहे. पण पहिला परिच्छेद उचलायचा आणि दुसरा टाकायचा, हे पुन्हा सुरी चालवणंच झालं. अर्ज मराठीत घ्या म्हणून मी पुढच्या वेळीही भांडणार. आणि त्या कारकुनाची आई कशी आहे तेही विचारणार. दोन्ही एकाच फेरीत होतं, वेगळी बस लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचं आणि आम्ही वाटलेल्या चादरींचं सांगायचं होतं, गांधीजींच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचंही. दोन्ही राहिलं. अध्यक्षमहाराज घड्याळ बघतायत, आणि मलाही साडेआठची खानापूर गाडी गाठायचीय.

एक सूचना तेवढी. ह्या नाताळातही फराळ न्यायचा आहे. ह्या खेपेला तीनशे नेवऱ्या, आणि बायकोच्या मनगटाला आता सोसत नाही. ज्यांना लाटायला, भरायला, कडा दुमडायला जमतं त्यांनी बाहेर नाव देऊन जावं, कुठल्याही भाषेत द्या. कापायला माणूस नको. ते काम फाटकावर होतं.