पीयूसीच्या यंत्राला कान नसतात

मघाशी पार्किंगमधून आत येताना तुमच्या गाड्या पाहिल्या. खरं तर आधी ऐकल्या, मग पाहिल्या. कुणाला इंदोरी सायलेन्सर, कुणाला पंजाबी, काहींची तर आतली जाळीसुद्धा उपटलेली. आणि आयोजकांनी चिठ्ठी दिली, 'सर, सायलेन्सर बदलला तर पीयूसी पास होते का?'

होते. बऱ्याचदा होते, आणि मला खटकतं ते तेच.

पीयूसी म्हणजे धुराची प्रदूषण तपासणी. तिचं यंत्र करतं काय? इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल न पिळता नुसतं चालू ठेवून, नळी सायलेन्सरमध्ये खुपसतात आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजतात. 2000 नंतरच्या जुन्या चारस्ट्रोक दुचाकीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 4500 भाग. आता कार्ब्युरेटरवाल्यांनी नीट ऐका. फ्री-फ्लो, म्हणजे आतला अडसर कमी केलेला सायलेन्सर, लावला की मेकॅनिक कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, मोठा टाकतो, हो ना? पण आयडलला पेट्रोल येतं पायलट जेट नावाच्या छोट्या छिद्रातून. मेन जेट कामाला लागतो थ्रॉटल पिळल्यावर. म्हणजे हायवेवर गाडी काळं ओकते आणि पीयूसीच्या टपरीसमोर गोगलगाय होऊन उभी राहते!

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीचं गणित वेगळं. तिच्या बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवर, बहुतेकदा ऑक्सिजन सेन्सर असतो. नवा पाइप बसवताना इंजिनाच्या हेडपाशी गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद करणारी चकती, नीट बसलं नाही, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ते वाढवतो. गाडी फेल, आणि शिव्या खातो सायलेन्सर. दोष दहा रुपयांच्या गॅस्केटचा.

दुसरा प्रश्न, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. काही गाड्यांत तो बेंड पाइपमध्ये असतो, काहींत सायलेन्सरमध्येच. बेंडमध्ये असेल तर मागचा डबा बदलून तो जात नाही. सायलेन्सरमध्ये असेल तर डब्याबरोबर तोही गेला. खरेदीआधी हे तपासा, दुकानदार सांगणार नाही. असला, तरी तो तापल्याशिवाय काम करत नाही, साधारण अडीचशे-तीनशे अंश लागतात. म्हणून थंड गाडी ढकलत पीयूसीला नेऊ नका. पंधरा मिनिटं चालवून न्या.

आता आवाज. पीयूसीच्या यंत्राला कान नसतात. प्रमाणपत्र खिशात असलं तरी हवालदार गाडी अडवू शकतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये धूर आणि आवाज दोन्ही येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सही तीन महिने अडकतं. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरतानाचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील.

आणि हो, कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. कन्व्हर्टर त्यातच असेल तर आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो. भंगारवाल्याला ते तुमच्याआधी कळलेलं असतं.