बिग आयलंडवरचा पहिला दिवस

मंडळी, हवाईच्या बिग आयलंडची सहल आखताना बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग ज्वालामुखीच्या जवळ, व्होल्कॅनो गावात, एखादं झकास घर पाहून पहिल्याच रात्रीपासून बुक करून टाकतात. घर झकास असतं, पण रात्र चुकलेली असते.

आधी अंतरं बघू. या एका बेटाचं क्षेत्रफळ साधारण १०,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ तीन गोवे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येणारी बहुतेक विमानं उतरतात पश्चिमेला, कोनाला. किलौएआ ज्वालामुखी आहे आग्नेयेला. कायलुआ-कोना गावापासून दक्षिणेकडच्या रस्त्याने ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत सुमारे १५५ किलोमीटर, दिवसाउजेडी दोन ते अडीच तास. नकाशात हा आकडा बघून 'एवढंच ना' असं वाटतं. आता त्यात घड्याळ घाला.

हवाईत उन्हाळी वेळ पाळत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियापेक्षा हवाई हिवाळ्यात दोन तास मागे असतं आणि उन्हाळ्यात तीन. समजा जुलैत सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी आठचं विमान आहे. साडेपाच तासांनी, म्हणजे तिथल्या साडेदहाला तुम्ही कोनाला उतरता. शरीराच्या हिशेबाने दुपारचा दीड वाजलाय आणि विमान गाठायला तुम्ही पहाटे चारला उठलेले आहात. सामान, शटल आणि गाडीचे कागद यांत बारा वाजतात. खोली मिळणार तीन-चारला. मग 'चला, वाटेत बघत बघत जाऊ' असं ठरतं. एक कॉफीचा मळा, एक काळ्या वाळूचा किनारा, मग जेवण. जेवून उठेपर्यंत अंधार. इथे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास, आणि संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. मौना केआ या बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर वेधशाळा आहेत, तिथल्या दुर्बिणींना त्रास होऊ नये म्हणून रस्त्यांवरचे दिवेही मंद आणि पिवळसर ठेवलेले असतात. रात्री आठला स्टिअरिंगवर बसलेला माणूस एकोणीस तास जागा आहे. वळणांचा दुपदरी रस्ता, पाऊस आणि मागच्या सीटवर झोपलेली माणसं, ही सगळी भर त्याच्यावर.

म्हणून पहिल्या रात्रीचं अंथरूण विमानतळापासून पाऊण तासाच्या आत असावं. कायलुआ-कोना वीसेक मिनिटांवर, वाइकोलोआ अर्ध्या तासावर. व्होल्कॅनो किंवा पूर्व किनाऱ्यावरच्या हिलोच्या बाजूचा मुक्काम नंतर, सलग दोन रात्रींचा ठेवा. यावर 'दोनदा बॅगा भरायच्या का' असं विचारलं जातं. हो, भरायच्या. तुमचं विमान होनोलुलूला बदलून हिलोला उतरत असेल, तर हाच नियम उलट बाजूने लागू पडतो. हिलोहून उद्यान पाऊण तासावर आहे, तेव्हा पहिली रात्र तिकडे खुशाल काढा. फक्त एक ध्यानात ठेवा: व्होल्कॅनो गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, तिथे किनाऱ्यापेक्षा साधारण सात अंशांनी गार असतं आणि पाऊस भरपूर. तिथली पुष्कळ घरं छपरावरून टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात. ते पाणी अंघोळीला ठीक, पण प्यायला बाटलीबंद पाणी घेऊन जा. कोनाला नळाचं पाणी पिता येतं.

आता विमानतळ. कोनाचा विमानतळ हुआलालाई ज्वालामुखीच्या १८०१ सालच्या लाव्हावर बांधलेला आहे. बंदिस्त वातानुकूलित इमारत नाही, सगळं उघडं. विमानातून उतरून उन्हात चालावं लागू शकतं. टोपी, पाणी, वडीलधाऱ्यांची औषधं आणि दम्याचा पंप हातातल्या पिशवीत हवा, सामानात नको. भाड्याच्या गाड्या शटलने जाऊन घ्याव्या लागतात. सगळ्या कुटुंबाने शटलमध्ये बसून तिथल्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने लायसन्स आणि क्रेडिट कार्ड घेऊन पुढे जावं, बाकीच्यांनी सावलीत सामानापाशी थांबावं.

मुख्य भूमीवरून येताना शेतमालाचं घोषणापत्र भरावं लागतं. शिजवलेल्या खाऊची चिंता नको, थेपले-लाडू खुशाल न्या. ताजी फळं, रोपं, बिया, कढीपत्त्याची जुडी असेल तर मात्र ती लिहावी लागते आणि तपासून घ्यावी लागते. सोपा उपाय म्हणजे ती घरीच ठेवणे.

गाडी मिळाली की पहिला थांबा किराणा. कॉस्टको हे मोठं दुकान विमानतळाजवळच आहे. पाणी, दही, ब्रेड, केळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खायला काहीतरी, एवढं घ्या. पहाटेचं का, ते पुढे येईलच. शाकाहारी मंडळींनी रात्रीच्या जेवणाची सोयही तेव्हाच बघावी, कारण गावातली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात.

बारा ते चार हा या दिवसाचा अवघड तुकडा. खोली मिळालेली नसते, म्हणून लोक थेट समुद्रावर जातात. कोना जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे. मे आणि जुलैत दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि काळा लाव्हा तापलेला असतो. चार तास तिथे काढले की पुढचे तीन दिवस पाठ हात लावू देत नाही. त्यापेक्षा बॅगा हॉटेलच्या सामानखोलीत ठेवा, कायलुआ गावात समुद्राकाठच्या अलीई रस्त्यावर सावलीत जेवा, हवं तर १८३७ सालचं मोकुआइकाउआ चर्च बघा. रस्त्याच्या दोन बाजूंना चर्च आणि हुलिहेए राजवाडा समोरासमोर आहेत, म्हणजे चालणंही फारसं नाही. खोली मिळाली की अर्ध्या तासाची डुलकी, गजर लावून. दोन तास झोपलात तर रात्र गेली.

साडेचारनंतर समुद्र. पण पोहायला किंवा नुसतं डुंबायला, स्नॉर्केलिंगला (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायला) नाही. हवाईत पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि त्यात वाकबगार पोहणारेही असतात. थकलेलं शरीर, नवा मास्क आणि अनोळखी पाणी हे तिन्ही एकाच दिवशी एकत्र आणू नका. वाळूचा किनारा निवडा. खडकातून पाण्यात उतरायचं तर पायांत रबरी बूट हवेत. लाव्हा कापतो आणि त्याच्या फटींत काटेरी सागरी साळिंदरं (सी-अर्चिन) बसलेली असतात. किनाऱ्यावर कासव पहुडलेलं दिसलं तर दहा फूट लांबून बघा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन हवाईत विकायला २०२१ पासून बंदी आहे.

रात्री समुद्रात उतरून मांटा रे हे मोठे चपटे मासे बघणं पहिल्या दिवशी नको. कोनाच्या किनाऱ्यावरचा तो सुंदर प्रकार आहे, पण परत येईपर्यंत तुमच्या शरीराचे बारा-एक वाजलेले असतात आणि थंडीने कुडकुडत, पोटात मळमळत तो अनुभव वाया जातो.

मौना केआ तर अजिबात नको. शिखर ४,२०७ मीटरवर आहे आणि समुद्रसपाटीपासून तिथे गाडीने दोनेक तासांत पोचता येतं. धोका नेमका त्या वेगात आहे. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा सुमारे चाळीस टक्के कमी मिळतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. विमानाच्या कोरड्या हवेत पाच तास काढून, पाणी कमी पिऊन, रिकाम्या पोटी वर गेलेल्या माणसाचं डोकं ठणकणारच. पर्यटक केंद्र २,८०० मीटरवर आहे. ज्या दिवशी जाल त्या दिवशी तिथे निदान अर्धा तास थांबूनच पुढे जा आणि लहान मुलांना त्याच्या वर नेऊ नका. स्कूबा (सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरणं) केलं असेल तर मध्ये चोवीस तास जाऊ द्या.

आता वायूबद्दल. किलौएआतून सल्फर डायऑक्साइड निघतो. हवेत तो बारीक कणांत बदलतो आणि धुकट पांढरी चादर पसरते. तिला तिथे 'व्हॉग' म्हणतात. नेहमीचे ईशान्येचे वारे ही चादर बेटाला दक्षिणेकडून वळसा घालून कोनाच्या बाजूला आणून सोडतात. म्हणजे ज्वालामुखी दूर असला तरी पहिल्याच संध्याकाळी घसा खवखवू शकतो. याला सर्दी समजून गोळ्या घेत बसू नका. हवेची पातळी मोबाइलवर बघा, खिडक्या लावून घ्या, दम्याच्या माणसाने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घ्यावा. कोविडच्या काळातले एन-९५ मास्क कण अडवतात, वायू अडवत नाहीत.

राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक ठिकाणी विचारला जातो: 'आम्ही उतरलो आणि नेमका तेव्हाच लाव्हा उडत असेल तर?' प्रश्न रास्त आहे. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला किलौएआच्या शिखरावरचा उद्रेक टप्प्याटप्प्याने होत आलाय. कारंजं उडतं, बरेचदा काही तासांत थांबतं, मग काही दिवस किंवा आठवडे शांत. काही टप्प्यांत ते ३०० मीटरच्याही वर गेलंय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची तिथली वेधशाळा पुढच्या टप्प्याचा अंदाज देते, तो निघण्याआधी दोन-तीन दिवस रोज वाचत जा.

तुम्ही सकाळी उतरलात, गाडी चालवणारे दोघं आहेत आणि त्या रात्री परतायचं नाही, म्हणजे हिलोकडे ऐनवेळी खोली मिळाली, तर जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर जाऊ नका. साडेआठला झोपा. शरीर तुम्हाला तीन-साडेतीनला उठवणारच. जेट लॅगचा एवढा एकच फायदा. तेव्हा पहाटेच निघा. उद्यान चोवीस तास उघडं असतं. एका गाडीचे तीस डॉलर, सात दिवस चालतात, रोख घेत नाहीत. आदल्या दिवशीच टाकी भरून ठेवा, दही-केळी सोबत घ्या, स्वेटर, पावसाळी जाकीट आणि बॅटरी (टॉर्च) गाडीत टाका. वाट मात्र दक्षिणेची धरा. बेटाच्या मधून जाणारा सॅडल रोड जवळचा वाटतो, पण तो २,००० मीटरपर्यंत चढतो, वर दाट धुकं असतं आणि मध्ये पेट्रोल पंप नाही. साडेतीनला निघालात तर सहाच्या आसपास ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर पोचाल. हिवाळ्यात तेव्हा अजून अंधार असतो आणि लाव्हा लाल दिसतो. जुलैत तेव्हा उजाडलेलं असेल, म्हणून आणखी लवकर निघा. कुंपण ओलांडू नका. काचेच्या बारीक धाग्यांसारखं काही हवेतून पडत असेल तर डोळे चोळू नका आणि ते कपड्यांवरून हाताने झटकू नका. तो लाव्हाचाच धागा असतो, बोटांत शिरतो. गाडीच्या काचेवर पडला असेल तर वायपर लावण्याआधी पाणी ओता, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात आणि भाड्याच्या गाडीवाल्याकडे त्याचं बिल होतं.